आवराआवर आणि निरवानिरव

दसरा होतो, कोजागरीचे दूध आटवून होते, आणि मग मराठी घरात एक मोहीम सुरू होते. घरातला सर्वांत उंच माणूस स्टुलावर चढतो, माळ्याची दारे उघडतो आणि वरचे सामान एकेक करून खाली येऊ लागते. दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. कोरड्या फडक्याने धूळ झटकली जाते, खालची पिवळी पडलेली वर्तमानपत्रे काढून ताजी अंथरली जातात, आणि दिवेलागणीच्या सुमारास तेच सामान, बहुधा त्याच क्रमाने, पुन्हा माळ्यावर चढते. याला आपण दिवाळीची आवराआवर म्हणतो. खरे सांगायचे तर ती त्या सामानाची वार्षिक हवापालट असते.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ही हवापालट वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली होती. पण दोन वर्षांपूर्वी इमारत पुनर्विकासाला गेली आणि सोळा बिऱ्हाडांना तीन महिन्यांत घरे रिकामी करावी लागली. बिल्डरने भाडे दिले, सामान हलवायला ट्रकही दिला. पण भाड्याच्या घरांना माळे नव्हते! त्यामुळे इतक्या वर्षांत प्रथमच प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून ‘हिचे काय करायचे?’ असे विचारणे सर्वांना भाग पडले. पुण्यामुंबईत आज कितीतरी कुटुंबे याच प्रश्नाशी येऊन ठेपली आहेत. ज्यांच्या इमारती अजून जागेवर आहेत, त्यांनी तो सवडीने सोडवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

माळ्यावरची वस्ती

सोळा घरांचे सामान जिन्यात उतरू लागले, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. घरे निरनिराळी, माणसे निरनिराळी, पण माळे मात्र सख्ख्या भावंडांसारखे! प्रत्येकावर एक तांब्याचा नाहीतर पितळेचा बंब. पाटा-वरवंटा. मूठ तुटलेली सुटकेस. बाळाचा पाळणा, बाळ आता बंगळूरला नोकरीला. गणपतीचे मखर. कॅसेटींचे खोके, त्या वाजवायचे यंत्र कोणाकडेच नाही. टीव्हीचा खोका, त्यातल्या थर्मोकोलसकट. टीव्ही केव्हाच भंगारात गेलेला. लग्नात आहेर म्हणून आलेली, देणाऱ्यांची नावे कोरलेली आणि एकदाही चुलीवर न चढलेली स्टीलची भांडी. पिशव्यांनी भरलेली पिशवी. हॉटेलातून जेवणाबरोबर आलेले प्लास्टिकचे डबे तर विचारूच नका. आमच्या घरी असे डबे ४३ निघाले, आणि झाकणे २९!

या साऱ्या मंडळींचे आडनाव एकच: ‘कधीतरी लागेल’.

या आडनावाला हसू नये. ज्या पिढीने ते दिले, तिला तसे कारण होते. माझ्या सासूबाई शनिवार पेठेतल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचा पूर पेठांमधून फिरला, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. पाणी ओसरल्यावर घरात उरले ते चिखलात रुतलेले जड सामान. त्यात तांब्याचा बंब होता. त्यांच्या आईने तो उपसून काढला आणि चिंचेने घासून पुन्हा लखलखीत केला. ज्या मुलीने हे पाहिले, ती पुढे साठ वर्षे साधी दोरीसुद्धा फेकून देत नाही, यात नवल कसले? रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या आणि एकाच पगारात घर चालवलेल्या माणसांना साठवण म्हणजे आधार वाटला. आपल्याला जो पसारा दिसतो, तो त्यांच्या दृष्टीने संकटकाळची शिल्लक असतो.

घराचे मागचे दार

मग जुनी घरे सामानाने ओसंडून कशी गेली नाहीत? याचे उत्तर आपण विसरत चाललो आहोत. त्या घरांना वस्तू आत येण्याचे दार अरुंद होते, आणि बाहेर जाण्याची दारे पुष्कळ होती.

एका सुती नऊवारी लुगड्याचे आयुष्य पाहा. ते मध्ये विरले, की विरलेला भाग काढून त्याला दंड घातला जाई. आणखी विरले, की त्याची झबली आणि दुपटी होत. चार जुनी लुगडी एकत्र आली, की त्यांचे थर लावून धावदोऱ्याने गोधडी शिवली जाई. उरलेल्याचे पायपुसणे, आणि शेवटी पोतेरे. लुगडे फेकले, असे कोणत्याही क्षणी कोणी म्हणू शकत नसे. ते एकेक पायरी उतरत संपून जाई. धडधाकट कपडे बोहारीण नेई आणि तासभर घासाघीस करून बदल्यात एक पातेले देई. तांब्यापितळेचे फुटके भांडे कासाराकडे वजनावर मोडीत जाई आणि त्या मोडीतून नवे भांडे घरात येई. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण आज सरकारी योजनांसाठी वापरतो, पण तो मुळात स्वयंपाकघरातला आहे. कल्हईवाला, पिंजारी, सुरीला धार लावणारा, छत्री दुरुस्त करणारा ही सारी माणसे घराच्या मागच्या दाराशी उभी असत, आणि वस्तूंना एकतर नवे आयुष्य देत किंवा सन्मानाने निरोप.

आज वस्तू येण्याचे दार सताड उघडे आहे. घंटी वाजते, खोका येतो. खोका ठेवून घेतो तो आपण ‘चांगला आहे’ म्हणून! आणि मागचे दार मात्र बंद झाले आहे. पॉलिस्टरच्या साडीची गोधडी अंगाला घाम आणते, तिचे फडके पाणी टिपत नाही. भुशाच्या फळीचे कपाट एकदा ओलीने फुगले, की सुतार त्याला हात लावत नाही. तिथे खिळा धरत नाही. प्लास्टिक, धातू आणि रबर एकत्र डकवलेल्या वस्तूची मोड होत नाही, कारण ती सुटी करण्यातच तिच्या मोलापेक्षा अधिक मजुरी जाते. अशा वस्तूला पुढची पायरी नसते. ती वापरातून जाते, पण घरातून जात नाही. मधल्या मध्ये अडकते. आपल्या पसाऱ्याचे खरे मूळ इथे आहे. गृहिणीच्या आळसाशी त्याचा फारसा संबंध नाही.

सुरुवातच तिसऱ्या पायरीवरून

माझे यजमान पिंपरीच्या एका कारखान्यात आहेत. आमची बांधाबांध सुरू झाली, तेव्हा त्यांनी जपानी कारखान्यांतून आलेली ‘पाच एस’ची पद्धत घरात आणली. जपानी भाषेत ‘स’ने सुरू होणारे हे पाच शब्द. सेइरी म्हणजे नको ते वेगळे काढणे. सेइतोन म्हणजे हवे ते जागच्या जागी लावणे. सेइसो म्हणजे स्वच्छ करणे. सेइकेत्सु म्हणजे या तिन्ही गोष्टींची पद्धत ठरवून देणे. आणि शित्सुके म्हणजे ती पद्धत अंगवळणी पाडणे.

हा क्रम ऐकला आणि आपल्या दिवाळीचे कोडे मला उलगडले. स्वच्छता तिसऱ्या पायरीवर आहे! आपण मात्र झाडू घेऊन तिच्यापासूनच सुरुवात करतो. नको असलेली वस्तू आधी पुसतो, मग जपून परत ठेवतो. पहिली पायरी राहिलेली असल्यामुळे पुढच्या दिवाळीला पुन्हा तेवढेच काम शिल्लक राहते, किंबहुना थोडे अधिकच.

कारखान्यातली आणखी एक युक्ती घरात उपयोगी पडली. ज्या वस्तूचा निर्णय होत नाही, तिला तिथे तारीख घालून लाल चिठ्ठी लावतात आणि ती वेगळ्या जागी ठेवतात. ठरलेल्या मुदतीत कोणी तिला हात लावला नाही, तर ती बाहेर जाते. आम्ही घरच्या चिठ्ठीवर पुढच्या पाडव्याची तारीख घातली. वाद थांबले. ‘टाक’ म्हणणारा आणि ‘ठेव’ म्हणणारा, दोघांचेही समाधान झाले. निवाडा करायला वर्ष आहे!

जपानच्याच मारी कोंडो या बाईंचे आवराआवरीवरचे पुस्तक काही वर्षांपूर्वी जगभर खपले. त्यांचा एक नियम आपल्याही सोयीचा आहे. खोलीवार आवरू नये, जातवार आवरावे. आधी घरातले सगळे कपडे, मग सगळी पुस्तके, मग कागद, मग किरकोळ वस्तू, आणि आठवणीच्या वस्तू अगदी शेवटी. आपल्याकडे पहिल्याच दिवशी फोटोंचा अल्बम हाती लागतो, घर त्याभोवती गोळा होते, आणि मोहीम तिथेच संपते!

पण नेटकेपणा शिकायला जपानला जायची गरज नव्हती. ‘दासबोधा’च्या बाराव्या दशकाच्या आरंभी समर्थांनी परमार्थाच्या आधी प्रपंच नीटनेटका करायला सांगितले आहे, आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर अक्षर कसे वळणदार काढावे आणि लेखन कसे व्यवस्थित ठेवावे, यावरच खर्ची घातला आहे. संन्यस्त माणसाने घरसंसाराच्या व्यवस्थेला एवढे महत्त्व द्यावे, यातच सारे आले.

रद्दी आणि दप्तर

इथे कोणी म्हणेल, की बाई, तुम्ही साहित्याच्या माणूस, आणि सरसकट टाकून द्यायला सांगता? भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० साली आलेल्या ‘हिंदू’ या कादंबरीच्या नावातच ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असे शब्द आहेत. वर्गात मुले विचारतात, ‘मॅडम, अडगळ समृद्ध कशी असेल?’ मी त्यांना इतिहासाचार्य राजवाड्यांची गोष्ट सांगते.

वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करीत जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरची दप्तरे शोधत हिंडले. वाई येथे मिळालेल्या पत्रांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पानिपतच्या काळाचा इतिहास मूळ पत्रांतून बोलू लागला. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते याच ध्यासातून. ज्या घरांनी असले कागद वाण्याच्या पुड्यांसाठी दिले असतील, त्यांच्यापुरता इतिहास मुका झाला.

म्हणून कागदांच्या बाबतीत घाई करू नये. पण सगळेच कागद दप्तर नसतात, हेही ओळखावे. छापलेले आणि पुन्हा मिळू शकणारे ते रद्दी: गेलेल्या फ्रीजचे हमीपत्र, पंधरा वर्षांपूर्वीची विजेची बिले, क्लासच्या नोट्स. हाताने लिहिलेले आणि जगात एकच असलेले ते दप्तर: आजोबांची जमाखर्चाची वही, आजीने लिहिलेली लोणच्याची प्रमाणे, परगावाहून आलेली पत्रे. मोडी लिपीतला कागद सापडला, तर आपल्याला वाचता येत नाही एवढ्यावरून तो निकालात काढू नये. आधी जाणकाराला दाखवावा. आणि जुन्या फोटोंच्या पाठीमागे आजच, मऊ पेन्सिलीने, नावे आणि साल लिहून ठेवावे. नावे सांगणारे माणूस घरात आहे तोवर तो फोटो कुटुंबाचा असतो. नंतर तो कोणाही अनोळखी माणसांचा होतो.

जपणाऱ्यांचे शिरोमणी म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, वज्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी १९२० च्या सुमारापासून घरोघर हिंडून जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे राहिलेले त्यांचे पुण्यातले संग्रहालय आज वीस हजारांहून अधिक वस्तूंचे आहे. पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपण लक्षात घेत नाही. १९६२ साली केळकरांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ते १९९० पर्यंत जगले; म्हणजे हाती भरपूर आयुष्य असतानाच त्यांनी ठरवून टाकले, की आपल्यामागे हे कोणाचे. जमवणे त्यांना जसे कळत होते, तसेच सोपवणेही.

ज्याची वस्तू, त्याचा शब्द

मराठीत यासाठी एक फार चांगला शब्द आहे: निरवानिरव. निरवणे म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हवाली करणे, त्याच्यावर भरवसा ठेवून सोपवणे. आपण तो शब्द केवळ अखेरच्या आजारासाठी राखून ठेवला आहे, ही चूक आहे. आवराआवरीत वस्तू जागची हलते. निरवानिरवीत ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि देणाऱ्याच्या मनातूनही सुटते.

आमच्या मजल्यावर एक काकू होत्या, वय ८२. त्यांना दगदग नको, म्हणून मुलाने त्यांना चार दिवस लेकीकडे पाठवले आणि तेवढ्यात घर रिकामे केले. हेतू प्रेमाचाच होता. काकू नव्या घरात आल्या, सगळे फिरून पाहिले, ‘छान लावलंयत’ म्हणाल्या. रात्री त्यांनी सुनेला हळूच विचारले, ‘माझं चिंध्यांचं गाठोडं कुठं ठेवलंस गं?’ त्या गाठोड्यात मुलानातवंडांच्या पहिल्या कपड्यांचे सारखे कापलेले तुकडे होते, गोधडीसाठी. ते पहिल्याच ट्रकबरोबर गेले होते. काकूंनी त्याचा पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्या स्वतःच्या घरात ‘पाणी कुठल्या भांड्यानं घेऊ?’ असे विचारून वागू लागल्या. एका गाठोड्याबरोबर घरावरचा त्यांचा हक्कच बाहेर गेला होता.

आमच्याकडे सासूबाईंनी स्वतःच खुर्ची मांडली. सहा रविवार लागले. एकेक वस्तू समोर यायची, त्या तिची हकिकत सांगायच्या, माझी मुलगी वहीत लिहून घ्यायची, आणि मग त्या निकाल द्यायच्या. बंबाची पाळी आली तेव्हा आम्ही सारेच गप्प होतो. त्या म्हणाल्या, ‘अगं, हा माझ्या आईनं चिखलातून काढला नि पुढं पंचवीस वर्षं वापरला. मी तो तीस वर्षं नुसता सांभाळला. आता तुम्ही काय, नुसता उचलत राहणार?’ बंब मोडीत गेला, आणि त्या वजनावर दोन्ही नातींसाठी दोन तांब्याचे तांबे आले. बंबाची हकिकत वहीच्या दोन पानांत आहे. त्या वहीला माळा लागत नाही.

या दिवाळीत एवढे करून पाहा

पुष्कळ नियम सांगितले, की एकही पाळला जात नाही. म्हणून मोजकेच सांगते.

साफसफाईच्या आधी दोन रविवार केवळ निवडीसाठी ठेवा. सामान ठेवायला नवे डबे आणि खोके आधी विकत आणू नका. निवड झाल्यावर त्यांतल्या निम्म्यांची गरज उरत नाही.

दाराजवळ एक टोपली ठेवा, फक्त बाहेर जाणाऱ्या वस्तूंसाठी. तुमच्या घराचे बंद झालेले मागचे दार ते हेच. धुतलेले, घालता येण्याजोगे कपडे कोणाला, भांडी कोणाला, पुस्तके कोणाला, हे नावानिशी ठरवा. ‘कोणालातरी देऊ’ असे म्हटलेली वस्तू घरातच राहते. फाटके, विटलेले कपडे दान म्हणून देऊ नका. देणे ही घेणाऱ्याच्या मानाचीही गोष्ट आहे.

रद्दी, काच आणि पत्रा कोरडे व वेगळे द्या. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ पासून आहे. आपण न निवडता टाकलेला कचरा त्या बायांना हाताने निवडावा लागतो, एवढे आठवले तरी पुरे. जुने मोबाइल, वायरी आणि चार्जर यांनी भरलेला एक खण हल्ली घरोघर असतो. तो नेहमीच्या कचऱ्यात रिकामा करू नका. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत; तो अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यावा.

घराचे, बँकेचे, विम्याचे कागद आणि जन्ममृत्यूचे दाखले एका फायलीत ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे: दुसऱ्याची वस्तू त्याच्या पाठीमागे काढू नका. वडीलधाऱ्यांची नाही, नवऱ्याची नाही, आणि लहान मुलाची तर नाहीच नाही. विचारायला वेळ लागतो. पण घर आवरायचे ते त्यात राहणाऱ्या माणसांसाठीच ना?

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. गृहस्थाश्रमी माणसांनीही त्या दिवशी आपला ताळा पाहावा: यंदा घरात काय आले, काय गेले, आणि जे राहिले ते कोणासाठी. १९०९ साली ‘मनोरंजन’ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून असे अंक एका घरातून दुसऱ्या घरात, शेजारीपाजारी आणि वाचनालयांतून फिरत आले आहेत. तुमच्या हातातला हा अंकही वाचून झाला, की माळ्यावर टाकू नका. कोणाला द्यायचा, ते नाव आत्ताच ठरवून मुखपृष्ठावर लिहून ठेवा. निरवानिरवीला सुरुवात करायला याहून हलकी वस्तू घरात सापडायची नाही!